जादा दोरी

“साहेब, त्याला पायाचा अंगठा उचलायला सांगा की,” साडू म्हणाला. मला वाटलं, माझ्याच बाजूनं बोलतोय. कंपनीच्या डॉक्टराकडं साक्षीला म्हणून मीच त्याला घेऊन आलो होतो.

मी नि साडू, दोघंही एकाच गोदामात शिडीवर चढून माल काढणारे. एकदा पत्रा निसटला, त्याची कड माझ्या पायावर बसली नि अंगठा वर ओढणारी आतली दोरीच तुटली. शिवली, पण धरली नाही. तेव्हा दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, “काका, तुम्हाला इथं एक दोरी जादा आहे. असते एखाद्याला. पण बारीक आहे. अंगठा हलवेल, भार नाही घेणार. शिडी विसरा आता.” साडू खाटेशीच बसला होता. “जन्मतःच बोनस घेऊन आलास की लेका,” म्हणत माझा पाय चेपत होता.

आता गेटवरची खुर्चीची जागा रिकामी झाली होती. कंपनीच्या डॉक्टरानं शिडी बंद म्हणून लिहिलं, की ती माझी.

तर मी अंगठा उचलला. ती जादा दोरी बिचारी इमानी. उचलला तिनं.

“उचलतोय की चांगला,” डॉक्टर म्हणाला.

“साहेब, बोटानं दाबून बघा. टिकत नाही तो. पायरीला अडकतो.” मी साडूकडं वळलो. “सांग ना, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते.”

साडू खिडकीतून बाहेर बघत होता. “मला काय त्यातलं कळतंय? घरी जिना तर चढतो बुवा.”

डॉक्टर हात धुवायला उठला.

खुर्ची कुणाला मिळाली ते बायकोकडून कळलं. तिच्या बहिणीचा फोन आला होता.

“गुडघे फार दुखतात म्हणे भावजींचे,” ती भांडी पुसत म्हणाली.

“मग तसं मला सांगायचं. मीच सोडली असती जागा.”

“सोडली असती तुम्ही?”

मी ताटातलं चिवडत बसलो.

सोमवारी गोदामात शिडी लावली. साडू गेट सोडून आत आला. अंगात नवा गणवेश, घडी अजून मोडली नव्हती. दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिला.

“चढ तू. मी आहे खाली.”

मी शिडीला टेकून उभा राहिलो. त्याच्याकडं बघितलं नाही. त्यानं हात सोडले, गेटकडं चालता झाला, तेव्हा मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.