सात फुंकांची कांडी

मी जादूची कांडी बोलतीय. हसू नका राव! ईतभर लांबी, काळपट रंग, पन गमजा लई केल्यात.

आदी मी चांगली लांब व्हते. मढ गावच्या डोंगरातल्या हिरड्याच्या झाडाची फांदी. सावळेराम म्हाताऱ्यानं मला तोडली, तासली, आन माझ्याच आईला झोडायला लावली! हिरडं पाडायची काठी झाले मी. पन आमचं दोगांचं खरं काम येगळंच. झाडाखालून कुनी पावना चालला, का म्हातारा मला हळूच हलवायचा. टप्पदिशी हिरडा टकुऱ्यावर! पावना वर बघायचा. म्हातारा पानांत लपून सांगायचा, "वानर हाय वो!"

येक दिस मी मोडले, ईतभरच ऱ्हायले. म्हातारा बी थकला. तवा त्याची नात उज्ज्वला पुन्याला शिकून आली, ती येक खेळ घेऊन. फासं टाकायचं, कागदावर आपला जादूगार लिवायचा, बाकी समदी तोंडाची वाफ. शेजारचा संपत खेळातली गोष्ट सांगायचा. तो म्हनल तिथं राक्षस. उज्ज्वला जादूगारीन, तिची मैतरीन वैजयंती वैदीन. दर रइवारी दुपारी वसरीवर ह्योच धिंगाना.

उज्ज्वलाला कांडी करायची व्हती. खेळाच्या बुकात नियम व्हता, कांडीत शिंगवाल्या घोड्याचा केस घाला. म्हातारा म्हनला, "घोड्याला शिंग? ह्या बुकवाल्याला बाजारात कुनीतरी फशिवलाय गं!"

मग दोगांनी वहीत आपलं नियम केलं. ह्यो सांगायचा, ती लिवायची. लाकूड राबलेलं पायजे. पोटात करनाऱ्याची येक वस्तू पायजे. कांडीवर येक फुंक मारली का खेळात येक जादू, आन फुंका सातच. सातवी संपली का कांडी घरात ठिवायची नाय, तिच्या झाडाच्या बुडाशी नेऊन ठिवायची. आन म्हाताऱ्याचा खास नियम, फुंकायच्या आदी समोरच्याला हसवायचं. नाय हसला तर जादू नाय.

म्हाताऱ्यानं मला सोलली, तापल्या तारंनं भोक पाडलं, आन आपल्या घोंगडीचा दोरा पोटात कोंबला. आई गं, काय चटका बसला!

सहा फुंका झाल्या आन म्हातारा गेला. तवापासून उज्ज्वला मला डब्यातनं काढंना. खेळात राक्षसांनी तुडिवलं तरी काढंना. सातवी मारली का मी घरातनं जानार, म्हाताऱ्याच्या हातचं येवढंच ऱ्हायलेलं.

मागल्या रइवारी वैजयंतीचा शेवटचा खेळ व्हता. दुसऱ्या दिशी ती नाशिकला दवाखान्यात नोकरीला निघाली व्हती. आन नेमकी तिची वैदीन इखाच्या डोहात पडली. फासा वंगाळ पडला.

"गेली," संपत म्हनला.

दोन वरसं जिवापाड खेळिवलेली बाई! वैजयंतीनं कागुद मिटला. "ऱ्हाऊ दे गं उज्ज्वले. कागदावरचीच तर हाय." पन डोळं भरलं.

उज्ज्वला डबा घेऊन आली. संपत हळूच म्हनला, "सातवी मार, आन कांडी ठिव घरात. नियम आपलाच हाय, खोडू."

"आज्याचा हाय, संपतदादा. तुझ्यानं खोडायचा नाय."

तिनं मला नाकाखाली मिशीवानी धरलं, आन हुबेहूब म्हाताऱ्याच्या आवाजात वरडली, "ए वैदीनबाय! मेल्याचं सोंग करतीस व्हय? ऊठ, च्या टाक!"

वैजयंती रडता रडता फसकन हसली. उज्ज्वलानं फुंक मारली. खेळातली वैदीन उठून बसली.

सोमवारी सकाळी वैजयंतीची यष्टी गेली, आन उज्ज्वला मला घेऊन डोंगरात आली. मला मुळाशी ठिवलं. लई येळ हात काढंना. मग पदर झाडल्यावानी वढनी झाडली आन मागं न बघता उतरली.

आता मी हितंच पडलीय. वाळवी चढतीय, बुडाला नुसत्या गुदगुल्या. माझं काय, मातीच व्हायची. पन पावनं, येवढं करा. उज्ज्वला मला हुडकत आली, तर मी झिजले असं सांगू नका. सांगा, कांडी बिबट्यानं पळिवली, आन आता तो समद्या जुन्नर तालुक्यात जादू करत फिरतोय.