अर्ध्या उरलेल्या गोळ्या

महागावकडच्या एका आरोग्य केंद्रात धम्मरत्न हे एकटेच डॉक्टर. त्यामुळे आपण हुशार आहोत याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. तुलनेला दुसरं कुणी नव्हतंच.

गावातल्या देवीलालला टीबी आणि एचआयव्ही, दोन्ही. दोन्हींच्या गोळ्या रोज घ्यायच्या. तीन महिने झाले तरी ताप हटेना, वजन चाळिसावर आलं. डॉक्टरांनी गंभीर चेहरा केला आणि हा गोळ्यांना दाद न देणारा टीबी, असं ठरवून टाकलं. बेडका यवतमाळला तपासायला पाठवला. वरच्या डॉक्टरांना फोनवर इंग्रजीतून इतकं ऐकवलं की स्वतःच्याच ज्ञानाने त्यांचा ऊर भरून आला. देवीलाल गोळ्या घेतो कशा, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

ते विचारलं सिस्टर बेबीताईंनी. त्यांनी पाकिटं आणायला लावली, मोजली. दोन्हींतल्या बरोबर अर्ध्या गोळ्या शिल्लक. एक दिवस टीबीच्या, एक दिवस एचआयव्हीच्या, असा देवीलालचा नेम होता.

डॉक्टरांनी चढ्या आवाजात कारण विचारलं.

"तुमीच त सांगतलं," देवीलाल शांतपणे म्हणाला. "फवारणीच्या सभेत. दोन-दोन औषधं एका पंपात मिसळू नका, मानूस मरते म्हने. मंग पोटात कायले मिसळू?"

कपाशी फवारताना विषबाधा होऊ नये म्हणून डॉक्टरांनी अर्धा तास भाषण ठोकलं होतं, आणि टाळ्या पडल्या म्हणून आणखी अर्धा तास. गावात आपलं कुणी ऐकत नाही, ही त्यांची कायमची कुरकुर. ऐकणारा एक निघाला, तोही असा. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. माणूस हातचा जात होता.

ते देवीलालच्या समोर खुर्ची ओढून बसले. चूक माझी आहे म्हणाले. ते सगळं फवारणीपुरतं होतं, या गोळ्या दोन्ही रोज घेतल्या तरच वाचशील, हे त्यांनी तीनदा सांगितलं. या वेळी मराठीतून.

देवीलालने दोन्ही गोळ्या त्यांच्यासमोर गिळल्या. पेला खाली ठेवला, पण उठला नाही.

"आता घरी चाला, साहेब. बायकोलेबी, पंचफुलीले, हेच दोन्ही रोग हायेत. तिच्या गोळ्या तिले मीच देतो, तशाच एक दिवसाआड. चार दिवसापासून ती उठूनच नाही राह्यली."

बाहेरची रांग बेबीताईंवर सोडून डॉक्टर अनवाणीच गाडीकडे धावले.