धारेशी भांडायचं नाही

"मास्तर, खाली मान घालून भागायचं न्हाई. पोरगं कुठं ठेवून आलासा, ते सांगा."

लालासाहेब चावडीच्या ओट्यावरून बोलत होते. गावातला सगळ्यात मोठा उसाचा मळा त्यांचा, शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच, त्यामुळे ओटाही त्यांच्या मालकीचा असावा असे ते बसत. खाली नाथाजी मास्तर उभे होते. गोव्याहून परतल्यापासून त्यांनी अंगातला कोट बदलला नव्हता. खिशांतून अजून वाळू गळत होती.

केरबा खांबाला टेकून बसला होता. पोरगं त्याचं होतं. जोतीराम, सातवीतला, एकुलता एक.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मास्तरांच्या डोक्यातलं जुनं खूळ पुन्हा जागं झालं होतं. इतिहास फळ्यावर कळत नाही, तो चालत जाऊन बघावा लागतो, असं ते म्हणत. पोरांना परमुलूख दाखवायचा त्यांचा हट्ट होता. विलायत काही आवाक्यात नव्हती, पण मिरजेहून गाडीत बसलं की घाटाखाली फिरंग्याचं राज्य लागत होतं. तिथलं नाणं वेगळं, शिपाई वेगळा, देवाला हाक मारायची तऱ्हा वेगळी. घरोघर फिरून मास्तरांनी आईबापांना राजी केलं. जोतीरामची आई तानुबाई तेवढी अडून बसली, तर तिला केरबानंच समजावलं होतं.

गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं काम केरबाचं. त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी काढूही शकत नव्हतं. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि कृष्णेच्या डोहात ढकलून द्यायचं, एवढीच त्याची शाळा. लालासाहेबांच्या दोन्ही मुलांना त्यानंच ढकललं होतं, आणि त्यांच्या घरच्यांनी काठावर बोंब मारली तेव्हा हा आपला हसत उभा. त्याचा धडा एकच. धारेशी भांडायचं नाही. पुरात सापडलास तर हातपाय मारून दमू नकोस, अंग सोडून दे, पुढच्या वळणाला नदी आपणच काठाला लावते. त्या धड्यानं गावातली कितीतरी पोरं जिवंत राहिली होती. केरबाला त्याचा अभिमान होता, आणि तो का नसावा?

"दादासो, तू सांग," लालासाहेब म्हणाले.

दादासो जोतीरामचा जिवाभावाचा सोबती. गोव्यातही तो त्याच्याबरोबरच होता.

"आदी देवळं बघितली. मास्तर म्हनलं, फिरंगी देवळं पाडाय लागला तवा लोकांनी देव उचललं आन् होडीत घालून नदीपल्याड न्हेलं. जोत्या म्हनला, आमचा आबा असता तर पवतच न्हेलं असतं."

कुणीतरी केरबाकडे बघून हसलं आणि लगेच ओशाळलं.

"मग चर्च बघितलं. तितं त्यांच्या साधूचं मढं हाय, चांदीच्या पेटीत. आमी टोप्या काढून हुबं ऱ्हायलो."

"टोप्या काढल्या?" लालासाहेब मास्तरांकडे वळले. "हे शिकवाय न्हेलं व्हतं व्हय?"

"कुणाच्याही देवापुढं नीट उभं राहावं, एवढंच शिकवत होतो," मास्तर पुटपुटले.

"ते ऱ्हाऊ द्या. पान्याचं सांग रं."

"मग समिंद्रावर गेलो. मास्तर म्हनलं व्हतं, गुडघ्याच्या वर जाऊ नगा. आमी गेलो. पानी येकदम मागं वडाय लागलं. मी वाळूत पाय रवून कसाबसा भाईर आलो. जोत्या लय म्होरं व्हता. काठावरचा कोळी वरडत व्हता, हातानं दावत व्हता, आडवा पव, काठाच्या अंगानं आडवा पव म्हनून. जोत्या हसला. हात वर करून आमाला हालवला. आन् अंग सोडून दिलं त्यानं. उताना पडला, नदीत पडतो तसा. लांब लांब गेला. मग दिसंना."

मास्तर धोतरासकट पाण्यात धावले होते. त्यांना पोहता येत नव्हतं, कोळ्यांनीच त्यांना ओढून काढलं. होड्या फिरल्या. तिथल्या पाद्र्यानं घंटा वाजवून प्रार्थना केली, देवळातल्या भटजींनी नारळ सोडला. जोतीराम काही हाती लागला नाही.

चावडीत कुणालाच पोराचं काही चुकलं असं वाटलं नाही. धारेत सापडल्यावर त्यांच्यापैकी प्रत्येकानं तेच केलं असतं. उमगलं ते एकट्या केरबाला. नदीला दुसरा काठ असतो, वळण असतं. त्या पाण्याला पल्याड काही नव्हतंच. केरबानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. हा धडा फक्त नदीचा आहे, एवढं सांगायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"मास्तरांनी उद्या गाव सोडावं," लालासाहेब म्हणाले. "आन् मी वर कळवतो. ह्यो मानूस पुन्ना कुठल्या शाळंत हुबा ऱ्हाता कामा न्हाई. केरबा, तुझं काय म्हननं?"

काही म्हटलं नसतं तरी चाललं असतं. पलीकडे बायकांत तानुबाई बसली होती. खबर आल्यापासून ती मास्तरांना शिव्याशाप देत होती, आणि त्या शापांच्या आधारानंच ती तग धरून होती. तो आधार काढून घेतला तर ती कुठे कोसळेल, हे केरबाला दिसत होतं. तरी तो उठला.

"मास्तरला बोल लावू नगा. त्येनी गुडघ्यापातूर सांगितलं व्हतं. त्या कोळ्यानंबी नीटच सांगितलं. पोरानं आयकलं ते माझं. अंग सोड, पानी काठाला लावतंय, हे मी शिकवलं. समिंद्राला पल्याड काठ न्हाई. मी मारला माझा ल्योक."

"येड लागलं का रं तुला?" लालासाहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांच्या दोन्ही मुलांनाही तोच धडा पाठ होता.

मास्तर केरबाच्या पाया पडायला वाकले. केरबा त्यांना चुकवून चालू लागला.

घरी तानुबाई आधीच पोचली होती. शेजारच्या बनुबाईनं सुतकाची भाकरी झाकून ठेवली होती. ती तशीच होती. केरबा उंबऱ्याशी बसला. तिनं शिव्या द्याव्यात, काहीतरी फेकून मारावं, असं त्याला फार वाटत होतं. तिनं त्यातलं काही केलं नाही.

"त्यानं हात हालवला म्हनला दादासो," ती म्हणाली. "आपल्याला काडा म्हनून बोलवत व्हता?"

"न्हाई. भिऊ नगा म्हनत व्हता. मीबी पुरात तसाच हालवतो."

"म्हंजी शेवटपातूर त्याला वाटत व्हतं, काठ यील?"

"व्हय."

"मग भ्याला न्हाई," ती म्हणाली. "माझा ल्योक भ्याला न्हाई."

केरबानं बुडती माणसं बाहेर काढली होती, काही जिवंत, काही मेलेली. नाकातोंडात पाणी गेल्यावर माणसाचे डोळे कसे होतात ते त्याला ठाऊक होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "भ्याला न्हाई."

तानुबाईनं झाकण काढलं. भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली आणि उरलेली अर्धी ती खाऊ लागली. खबर आल्यापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता. केरबा भाकरी तशीच धरून तिच्याकडे बघत बसला.