एन्शो बुवांच्या पेनाचा भाव

आमच्या बौद्ध मठाच्या एन्शो बुवांनी ते काळं पेन मला विकलं, तेव्हा जुन्या फाउंटन पेनांना नागोयात कुणी विचारत नव्हतं. बाजारात ती टोपलीत पडलेली असायची. मी तीन हजार येन मोजले, तर मीच फसलो असं बुवांना वाटलं.

मग भाव चढत गेला. वीस हजार, ऐंशी हजार. तैवानमधल्या ताइपेचे शौकीन माझ्या दुकानात येऊ लागल्यावर लाखाच्या वर. पेन एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, आणि नव्वद वर्षं होऊनही काजळासारखं काळं. अशी पेनं बहुतेक तपकिरी पडतात, आणि तपकिरी पडली की किंमत दहाव्या हिश्शावर येते. बुवा दर वर्षी चहाला यायचे आणि काचेच्या कपाटापाशी उभे राहायचे. "काय काजिउरा, आमचं लेकरू कुठवर चढलं?" आकडा ऐकून मनापासून हसायचे. त्यात हळहळ कधी दिसली नाही.

बुवा आता ब्याऐंशी वर्षांचे. गाऊन प्रवचन करणारे आमच्या भागात ते शेवटचेच. बोलता बोलता त्यांचं बोलणं सुरात शिरतं, कळत नाही कधी. आणि समोरून आम्ही 'नामान्दाबु, नामान्दाबु' असं अमिताभ बुद्धाचं नाम घेत त्यांना उत्तर देतो. त्यांची सात प्रवचनं कागदावर कुठेच नव्हती. सुराच्या खुणांसकट ती लिहून द्या, म्हणून त्यांचा शिष्य तीन वर्षं मागे लागला होता. पण बुवांची बोटं वाकलेली. बॉलपेन दाबून लिहावं लागतं; दोन ओळींत हात सुजायचा.

उन्हाळ्यात मी ते काळं पेन त्यांच्या हातात दिलं. निब आपोआप चालली. बुवांनी एका बैठकीत पान भरलं. मी म्हटलं, घेऊन जा. त्यांनी भाव विचारला, मी खरा तो सांगितला.

"तीन लाख मुठीत धरून मला अक्षर फुटायचं नाही, बाबा. विकून टाक आणि सुखाने राहा."

पुढे दोनदा विनवलं. माझी बायको फुसाए काकी नावाची, तेंदूसारखी गोड फळं घेऊन मठात गेली; फळं ठेवून घेतली, पेन नाही. शेवटी मी ताइपेच्या ल्याओ साहेबांना होकार कळवला. तीन लाख वीस हजार. रविवारी दुपारी ते न्यायला येणार होते.

तो रविवार नेमका आमच्या पंथाच्या संस्थापकांच्या उपकारस्मरणाच्या उत्सवाचा. सकाळी पाहिलं तर बुवांच्या लिहिण्याची शाई निबेत सुकून बसली होती. एबोनाइट पाण्यात बुडवू नका, फक्त निबेचं टोक चमचाभर पाण्यात धरा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. पण मठाचा ढोल वाजला, माझं लक्ष तिकडे, आणि अख्खं पेन मी पाण्याच्या पेल्यात सोडलं. म्हटलं, दहा मिनिटांत काढू. तेवढ्यात फुसाएने हाक मारली आणि आम्ही निघालो.

प्रवचनाच्या मध्यावर बुवांचा आवाज तुटला. ते डोळे मिटून उभे राहिले. मग समोरच्यांनी नाम धरलं, मंद लयीत, आणि बुवांचा सूर परत येईपर्यंत सोडलं नाही. कुणी उठलं नाही. मीही नाही. नंतर प्रसादाचा उकडलेला मुळा खाऊन घरी यायला तीन तास झाले.

पेल्यात पेन फिक्या चहाच्या रंगाचं झालं होतं. कपाटातल्या उजेडाने इतकी वर्षं त्याला आतल्या आत पिकवलं होतं. पाण्याने ते उघडं पाडलं. ल्याओ साहेबांनी ते उलटसुलट पाहिलं, आता तीस हजारसुद्धा जास्तच म्हणाले, आणि मला वाईट वाटू नये म्हणून शाईची एक बाटली घेऊन गेले.

"लोकांना चाळीस वर्षं सांगितलंत, एकदा स्वतःही ऐकायचं होतं," फुसाए म्हणाली. मी तोंड पाडून बसलो होतो. तिने मफलर माझ्या गळ्यात टाकला. "बसलात काय? मठात चला. आता तरी घेतील."

बुवांनी पेन खिडकीशी धरलं.

"आजचा भाव?"

"तीस हजार. तोही कुणी भला भेटला तर."

"मुद्दाम नाही ना केलंस?"

"मुद्दाम करायला छाती लागते, बुवा. मी तुमचं ऐकत बसलो होतो."

बुवांनी पेन मांडीवर ठेवलं. मग हात जोडून हळूच नाम घेतलं, आणि डब्यातून तीन हजार काढून माझ्यापुढे ठेवले. "घेतलंस त्याच भावाने परत दे." मी गुपचूप घेतले. आयुष्यात एवढा चांगला सौदा मी केलेला नाही.

आता पाच प्रवचनं लिहून झालीत. दर गुरुवारी मी शाई भरायला जातो. गेल्या आठवड्यात ल्याओ साहेबांचं पत्र आलं: तरुण शौकीन हल्ली तपकिरी पेनंच मागतात, वय दिसतं म्हणतात, भाव दुप्पट झालाय. फुसाएने पत्राची घडी करून चहाच्या डब्याखाली सरकवली.

"दोन राहिलीत अजून. बुवांनी भाव विचारला तर काय सांगाल?"

बुवांशी मी खोटं बोलत नाही. धास्तीनेच मठात गेलो. पण त्यांनी विचारलंच नाही. पेन हातात आल्यापासून त्यांनी भाव एकदाही विचारलेला नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. वाळत आलेल्या पानावरून बोट फिरवत ते म्हणाले, "बस. ही जागा नीट उतरलीय का, ऐक."

मी हात जोडून ऐकत बसलो.