दाजींचे बूट

उत्कर्षाला सातवीत असताना संधिवात झाला, आणि तेव्हापासून तिच्या पायांवर साऱ्या भावकीचा हक्क आला. कुणी म्हणे तेल लाव, कुणी म्हणे वांगं सोड. "एवढ्याशा पोरीला संधिवात? आमाला साठीत झाला की!" असं म्हणणाऱ्या बाया तिच्याकडे अशा बघत, जणू ही रांग मोडून पुढं घुसली. आता ती एकोणीस वर्षांची होती. डॉक्टरांनी सांगितलेले जाड, मऊ तळाचे बूट ती इमानानं वापरायची.

पण चुलत बहीण अंकिताच्या लग्नात नवरीच्या आईनं, म्हणजे मायाक्का काकूंनी, ते बूट घरीच ठेवायला लावले. "इरकलीखाली बूट? फोटोत काय दिसंल? एका दिवसाचा तर प्रश्न हाय," म्हणत त्यांनी तिला खड्यांच्या, उंच टाचांच्या चपला दिल्या.

अक्कलकोट रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात अकरा वाजेपर्यंत तिचे घोटे टम्म सुजले. दारापासून स्टेजपर्यंत जायला इतका वेळ लागला, की वाटेत तीन आज्यांनी "कुणाची गं तू?" विचारलं आणि तिघींनाही सविस्तर उत्तर मिळालं.

अक्षता पडल्या आणि करवल्यांनी नवरदेवाचे जोडे पळवायचं ठरवलं. नवऱ्याकडची माणसं पळणाऱ्या पोरींवर डोळा ठेवून होती. खुर्चीत बसलेल्या उत्कर्षाकडे कुणी बघेना, आणि बूट तर तिच्याच खुर्चीशेजारी काढलेले. नवरदेव राजशेखरचं मोहोळला औषधांचं दुकान. दिवसभर उभं राहायचं काम, म्हणून शेरवानीखालीही त्यानं जाड तळाचे पांढरे बूट घातले होते. उत्कर्षानं चपला खुर्चीखाली सारल्या, बुटांत पाय घातले आणि वरून साडीचा घोळ सोडला.

नुसते लपवायचे होते. पण ती उभी राहिली आणि थबकलीच. बूट मोठे होते, तरी पाय दुखेनात. ती पाण्याच्या पिंपापर्यंत गेली, परत आली, मग उगाचच जिलबी बघून आली. सगळे बूट शोधत होते आणि ही त्यांच्यातूनच फिरत सांगत होती, "सोफ्याखाली बघितलं का?"

मायाक्कांनी तिला अडवलं. "मगाशी लंगडत हुतीस की गं!" त्यांची नजर खाली गेली आणि एकच गलका झाला.

राजशेखर हसत म्हणाला, "बोला मेव्हणीबाई, काय पायजे?"

"काय नको, दाजी. बूटच राहू द्या."

"असं कुटं असतंय व्हय?" नवऱ्याचे मामा रुद्रप्पा भडकले. "बूट द्यायचे आन् पाकीट घ्यायचं, रीत हाय!"

"पाठवणीपर्यंत तरी," उत्कर्षा म्हणाली. "मला अंकिताबरोबर गाडीपर्यंत चालत जायचंय. त्या चपलांत रांगत जावं लागेल." तिनं साडी जराशी उचलून सुजलेला घोटा दाखवला.

राजशेखरनं घोट्याकडे बघितलं. "सकाळची गोळी घेतली का?"

"घेतली."

"मग बूट घाला आणि आधी जेवून घ्या."

रिसेप्शनला नवरदेव मामांच्या करकरणाऱ्या वहाणांत उभा राहिला. रुद्रप्पा मामा अनवाणी पायांनी, मान ताठ ठेवून, पाहुण्यांचं स्वागत करत राहिले. पाठवणीला उत्कर्षा अंकिताचा हात धरून गाडीपर्यंत चालत गेली आणि तिथं उभं राहून मनसोक्त रडली. मग बूट काढून दाजींच्या हातात दिले.

मंगळवारी मायाक्का काकू स्वतःच तिला नव्या पेठेत घेऊन गेल्या. इरकलीवर शोभतील असे मऊ बूट मिळेपर्यंत त्यांनी दुकानदाराला अर्धं दुकान खाली काढायला लावलं. उत्कर्षाचे ठरल्यावर त्यांनी हळूच आपलाही पाय एका बुटात घालून बघितला, दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई! माझं बी दुखतच हुतं की!"