वळणाखालची घंटी

त्या रविवारी सकाळीही जेवणाच्या टेबलावर चाक होतं. बाबा स्पोक आवळत त्याचा आऊट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढत होते आणि आई हातात ताटं घेऊन उभी होती.

"अहो, हे जेवायचं टेबल आहे."

"मग? चाक काही तुला वाढ म्हणत नाहीये."

हसू दाबत आई ताटं घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

सायकलींच्या कारखान्यात बाबांनी उभा जन्म काढला. इंजिनिअर म्हणून शेवटचं काम त्यांनी मालवाहू सायकलीच्या ब्रेकचं घेतलं होतं. ओझं लादलेली सायकल उतारावर एकदम अडवली की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. हा ब्रेक हळूहळू धरणार होता; तो घाबरून आवळायचा नाही, नुसता दाबून ठेवायचा. "थांबवायचं असतं, आपटायचं नसतं," बाबा म्हणायचे.

कारखान्यात यंत्रावर चाचण्या होतच. पण बाबांचा नेम वेगळा होता. ज्यानं बनवलं त्यानं आधी बसायचं, आणि घराजवळच्या उतारावरून खाली जायचं. तो उतार मध्येच वळतो, पुढचं वरून काही दिसत नाही. खाली सुखरूप थांबले की ते घंटी वाजवत. लहानपणापासून मी वरच्या कठड्याशी उभी राहून त्या घंटीची वाट पाहत आले.

त्या रविवारी घंटी वाजली. सायकल ढकलत, धापा टाकत बाबा वर आले.

"काय गं, जीव टांगणीला लागला होता की काय?"

"छे! ऊन खात होते."

"असं होय? पांढरीफटक पडलीस. चांगलंच लागलेलं दिसतंय ऊन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलीवर वाळूची पोती लादली आणि ते निघाले. घंटी वाजलीच नाही.

मी धावत खाली गेले. ते उताराच्या टोकाच्या भिंतीशी पडले होते, शेजारी सायकल, पोतं फुटून वाळू पसरलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आधी हृदय की आधी भिंत, हे त्यांना सांगता येईना.

काही दिवसांनी कारखान्याचे व्यवस्थापक घरी आले. सोबत बाबांच्या हाताखालचा वेल्डर होता. त्याला सगळे ठिणगीच म्हणत.

"वहिनी, त्यांच्याबद्दल आदरच आहे," व्यवस्थापक म्हणाले, "पण हा ब्रेक आम्ही बाद करतोय. बनवणाराच ज्याच्यापायी पडला, तो लोकांना कसा द्यायचा?"

"साहेब, ब्रेकचा काही दोष नाही," ठिणगी म्हणाला.

"मग बस की त्या सायकलीवर."

ठिणगीनं मान खाली घातली. जन्मभर सायकली जोडूनही त्याला सायकल येत नव्हती, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

"मी बसते," मी म्हणाले.



पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला होता, तो ठिणगीनं सरळ करून दिला. चाक घेऊन मी आऊट काढायला बसले, तेव्हा आईनं न सांगता टेबलावरची ताटं उचलली. ब्रेकला मात्र कुणीच हात लावला नाही.

उतारावर आई, ठिणगी आणि व्यवस्थापक, तिघंही आली. वाळूची पोती लादून झाल्यावर ठिणगीनं दोऱ्या पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या.

"ताई, अजूनही नको म्हणालात तरी चालेल."

"घाबरून आवळू नकोस," आई म्हणाली. "ते हेच सांगायचे ना?"

ओझ्यानं सायकल झपाट्यानं सुटली. वळण घेतलं आणि कठडा दिसेनासा झाला. मी ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. समोर भिंत मोठी होत चालली. बोटं आपोआप आवळायला लागली, उडी टाकावीशी वाटली. मी बोटं होती तशीच धरून ठेवली. मग मागच्या चाकातून हलकी गुरगुर आली. वेग उतरू लागला, अगदी सावकाश, आणि भिंतीच्या हातभर अलीकडे सायकल उभी राहिली.

मी पाय जमिनीला टेकले. वर कठड्याशी, माझ्या नेहमीच्या जागेवर, आई उभी असणार होती. तिला ऐकू जावी म्हणून मी घंटी वाजवली, वाजवतच राहिले. मग भिंतीच्या कडेला बाबांच्या फुटलेल्या पोत्यातली थोडी वाळू अजून उरली होती, तिकडे बघून म्हणाले,

"बाबा, मी ऊन खात नव्हते. घंटी वाजेपर्यंत दर वेळी मला भीती वाटायची."