छापील वेळ

"बाहेरून गेलीस तर एकतीस किलोमीटर," बाबा फोनवर म्हणाले, "आणि सगळा कडा. मध्ये पाय टेकायला जागा नाही. खाडीच्या तोंडावरून आत शिरलीस तर एकोणीस."

"आतूनच सांगा," पलीकडून लेक म्हणाली. "मनगट सुजलंय. वल्हं धरलं की आत कुणी करवत चालवतंय असं वाटतं."

"मग काढ एक्स-रे."

"माझा मीच? बाबा, निदान विनोद तरी नवे करा."

बाबा हसले. लेक दवाखान्यात एक्स-रे काढायची. चौतिसाव्या वर्षी दोन महिन्यांची रजा टाकून, एका माणसाच्या कयाकमध्ये बसून, किनाऱ्याकिनाऱ्याने एकटी निघाली होती. का, असं विचारलं तर म्हणाली, लोकांची आतली हाडं बघून कंटाळा आला, जरा बाहेरचं बघते.

आज एकविसावा मुक्काम होता. स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर मीठ, साखर, चहा आणि डाळीची बरणी. आई मांडीवर ताट घेऊन भाजी चिरत होती.

"तुमचा समुद्र टेबलावर," ती म्हणाली, "आणि माझा संसार गुडघ्यावर. तिला म्हणावं नीट जेव."

"आई म्हणतेय नीट जेव."

"जेवते. वेळ सांगा, बॅटरी संपत आलीय."

बाबांनी छापील पुस्तकाच्या ओळीवर बोट ठेवलं.

*

इथे थोडं थांबून बाबांबद्दल सांगितलं पाहिजे. तेही सांगण्यासारखं काही नाही म्हणूनच.

तेहतीस वर्षं बंदराच्या कचेरीत एकच काम. रोज सकाळी दारातल्या काळ्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या. पंचविशीतच कपाळ मागे सरकायला लागलं, त्यामुळे कचेरीत नाव पडलं ओहोटी. होडीत उभ्या आयुष्यात तीनदा बसले आणि तिन्ही वेळा ओकले. पण कुठल्या खाडीत पाणी किती वाजता चढतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं.

कचेरीचा एक नियम होता. फळ्यावर छापील वेळच लिहायची. छापील वेळ मोठ्या बंदराची असते, खाडीत पाणी उशिरा चढतं. कुठे वीस मिनिटं, कुठे सव्वा तास. ती भर ज्याची त्याने घालायची. कारण फळ्यावर एकाने भर घातली आणि होडीवर दुसऱ्याने, की होडी गाळात. बाबांच्या आधीच्या कारकुनाने अशी एक होडी गाळात घातली होती. तो पुढे निवृत्त होईपर्यंत वखारीत पोती मोजत बसला.

लेक सात वर्षांची असताना बाबांनी हा नियम तिला त्याच फळ्यासमोर उभं करून शिकवला होता. प्रवासातही तोच. बाबा फोनवर छापील वेळ सांगायचे. ती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने लिहायची आणि खाली बेरीज स्वतः करायची. पाटी समोर दोरीने बांधलेली. पाटी बाबांनीच शोधून आणली होती. त्यावरची पेन्सिल खाऱ्या पाण्याने जात नाही. आईने निघण्याआधी तिच्यावरची जुनी अक्षरं पुसायला घेतली, तर साबण लावूनही पुसली जाईनात. शेवटी राखेने घासावं लागलं होतं.

*

पुस्तकात लिहिलं होतं, दहा पंचवीस. त्या खाडीला सव्वा तास उशीर.

फोनवर लेकीचा श्वास ऐकू येत होता. दमलेल्या माणसाचा श्वास. सुजलेल्या हाताने आता कुठे हिला बेरजा करायला लावायच्या, असं त्यांच्या मनात आलं. एवढंच आलं.

"भरती अकरा चाळीस," बाबा म्हणाले. "आधी तिथे वाळू वर असते, पाणी पुरतं भरत आलं की मगच तोंडातून आत शीर. उधाणाचे दिवस आहेत. एकदा पाणी उतरायला लागलं की तिथे वाळूवर लाटांच्या भिंती उभ्या राहतात."

"अकरा चाळीस. लिहिलं. ठेवते, बाबा."

*

बाबांच्या वहीतला बेत, दिवस बाविसावा.
सातला निघणे. कडा डाव्या हाताला ठेवणे. दीपगृहाच्या पुढे पाणी पिणे, मनगटाला आराम. भरती अकरा चाळीस. तोंडातून आत. मुक्काम उजव्या तीरावर, जुन्या बर्फाच्या कारखान्यामागे.

बेत, दिवस तेविसावा.
मनगट बघून ठरवणे.

*

बाविसाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. सातला बाबा म्हणाले, बॅटरी. आठला आई म्हणाली, बॅटरी.

तेविसाव्या दिवशी किनारा गस्तीचा अधिकारी घरी आला. तरुण होता, चपला दाराबाहेर काढून आत आला. खाडीच्या तोंडाशी जाळी दुरुस्त करत बसलेल्या एका माणसाने सगळं पाहिलं होतं.

"तुमची मुलगी साडेअकरालाच पोचली होती," अधिकारी म्हणाला. "पाणी अगदी शांत होतं म्हणतो तो. पण ती आत शिरली नाही. बाहेरच थांबली. तास-सव्वा तास."

"थांबली?" आईने विचारलं.

"कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मध्ये काहीतरी खाल्लंही म्हणे. मग पावणेएकच्या सुमाराला निघाली, तेव्हा पाणी बाहेर पडायला लागलं होतं. त्याने हात केले, ओरडला. पण तिला लाटांची पाठ दिसत होती, आणि पाठीमागून लाट मोठी दिसत नाही. का थांबली, तेवढं कळत नाही. इतकी अनुभवी मुलगी."

बाबांना कळलं. त्या खोलीत एकट्या त्यांना कळलं. अकरा चाळीस अधिक सव्वा तास. बारा पंचावन्न.

आदल्या दिवशीची छापील वेळ साडेनऊची होती. एका दिवसात दोन तासांची उडी भरती कधी घेत नाही. हे तिला कळायला हवं होतं. पण बाबा चुकत नाहीत, हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि त्या दोहोंत तिने बाबांवर भरवसा ठेवला.

"साहेब," अधिकारी म्हणाला, "कचेरीत म्हणाले तुम्हाला विचारा. होडी वाहत कुठे जाईल?"

बाबांनी बरण्या सारख्या केल्या. पट्टी घेतली.

*

बेत.
ओहोटीबरोबर बाहेर, नैर्ऋत्येला. संध्याकाळच्या भरतीने परत किनाऱ्याकडे, पण वारा उत्तरेचा, म्हणजे आणखी खाली. दुसरी ओहोटी. कडा डाव्या हाताला. तिसऱ्या दिवशी दुपारी दगडी धक्क्याच्या पलीकडची वाळू, साधारण चारच्या सुमारास. माणूस असल्यास

*

माणसाची ओळ त्यांनी पुरी केली नाही. अधिकाऱ्यानेही मागितली नाही.

तो गेल्यावर बाबांनी पट्टी खाली ठेवली. मग आईकडे न बघता म्हणाले, "अगं, त्या दिवशी फोनवर मी तिला सांगितलं होतं का? वेळेत भर घालून दिलीय, असं?"

आई ओट्याशी होती. तिने नळ बंद केला.

"सांगितलं होतंत."

"नक्की?"

"मी इथेच भाजी चिरत होते ना. सांगितलंत म्हणजे सांगितलंत. आता तेच ते काढत बसू नका."

बाबांनी मान हलवली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी ती काडी त्यांनी धरून ठेवली. मधल्या रात्री झोपलेही थोडे.

*

कयाक तिसऱ्या दिवशी दगडी धक्क्यापलीकडच्या वाळूवर सापडली. चार वाजून दहा मिनिटांनी. पालथी, रिकामी. कचेरीतले जुने लोक एकमेकांना म्हणाले, ओहोटीचा हिशेब म्हणजे हिशेब.

लेक सापडली नाही. नवव्या दिवशी शोध थांबला. अधिकारी पुन्हा आला, चपला पुन्हा बाहेर काढल्या. पाण्याची बाटली, एक हातमोजा आणि पाटी, असं एका पिशवीत घालून त्याने टेबलावर ठेवलं. चहा नको म्हणाला, मग आईने पुढे केला तेव्हा घेतला, आणि अर्धा पिऊन गेला.

आई कप विसळायला उठली. बाबांनी पाटी बाहेर काढली.

तिचं अक्षर लहानपणापासून तिरकं. वर ११.४०. त्याखाली, हात सुजलेला असताना काळजीपूर्वक काढलेली अधिकची खूण आणि १.१५. त्याखाली रेघ. रेघेखाली १२.५५, आणि त्याच्याभोवती गोल. लहानपणी गणित बरोबर आलं की बाबा असाच गोल काढायचे.

"काय आहे त्याच्यावर?" आईने पाठमोरीच विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "पाण्याने सगळं पुसलंय."

कप विसळण्याचा आवाज थांबला. राखेने घासल्याशिवाय न जाणारी ती पेन्सिल. आईने कप ओट्यावर पालथा ठेवला.

"पुसणारच," ती म्हणाली. "इतके दिवस पाण्यात होती."

हात पदराला पुसत ती आली. पाटीकडे न बघता तिने ती बाबांच्या हातून घेतली आणि फळीवर डब्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली. लिहिलेली बाजू भिंतीकडे. मग टेबलाच्या चार कोपऱ्यांवरून मीठ, साखर, चहा आणि डाळ एकेक करून उचलली. वजन गेल्यावर नकाशा आपोआप दोन्ही बाजूंनी गुंडाळत आला, आणि बाबांनी मध्ये हात ठेवला तिथेच तेवढा उघडा राहिला.